नववीच्या तुकड्या पाडण्याआधी

जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक गावांत चौथी, सातवी नाहीतर आठवीला संपतात. त्यामुळे अनुदानित माध्यमिक शाळेच्या नववीत जूनमध्ये जी मुलं बसतात ती सात-आठ शाळांतून आलेली असतात. कुणी वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेतून, कुणी आश्रमशाळेतून, कुणी उर्दू शाळेतून, तर कुणी शहरातल्या इंग्रजी शाळेची फी झेपेना म्हणून. शाळा सगळ्यांना एका रंगाचा गणवेश घालते आणि विषय मिटला असं समजते. ‘विविधतेत एकता’ फलकावर लिहायला २६ जानेवारी आहेच. पण मुलांच्या पुढच्या दोन वर्षांचं काय होणार हे ठरतं तुकडी, वेळापत्रक, कॅटलॉग (वर्गाचं हजेरीपुस्तक), अर्ज आणि परीक्षेच्या तारखा या पाच जागी. आणि ही सगळी कामं पर्यवेक्षक आणि क्लार्क मिळून जूनच्या पंधरा दिवसांत घाईघाईत उरकतात.

नववीच का, तर आठवी संपताना बरंच काही एकदम सुटतं. शिक्षण हक्क कायदा (२००९) सहा ते चौदा वयोगटापुरता आणि आठवीपर्यंतचा. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. मोफत पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत. विनाअनुदानित शाळेत याच कायद्याच्या २५ टक्के मोफत कोट्यातून शिकलेल्या मुलाच्या पालकांना नववीत पहिल्यांदा पूर्ण फीचा कागद हातात मिळतो आणि बऱ्याचदा तो जूनमध्येच मिळतो. ही माहिती आठवीच्या दिवाळीनंतरच्या पालकसभेत द्यायला हवी: नववीला फी किती, जवळच्या कोणत्या अनुदानित शाळेत जागा आहेत, माध्यम बदललं तर काय अडेल. ज्या शाळेत हे मूल येणार, तिनेही जूनची वाट पाहू नये. मार्च-एप्रिलमध्ये एक फेरी मारून आसपासच्या शाळांच्या मुख्याध्यापकांकडून येणाऱ्या मुलांची यादी घेता येते. त्यात नाव, माध्यम, घरची भाषा, दिव्यांगत्व असल्यास त्याची नोंद आणि घर हंगामी स्थलांतर करतं का, एवढे पाच रकाने पुरतात.

आता तुकड्या. इथे थोडं स्पष्टच बोलायला हवं.

बहुतेक शाळांत ‘अ’ तुकडी सेमी-इंग्रजीची असते, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. ‘ब’ आणि ‘क’ पूर्ण मराठी माध्यमाच्या. वाटप गुणांवर होतं असं शाळा सांगते आणि ते खोटंही नसतं. पण सातवी-आठवीचे गुण शिकवणी कुणाला परवडली, घरात अभ्यासाला जागा कुणाला होती, वडील कोणत्या कचेरीत आहेत यावरही ठरलेले असतात. परिणाम असा की अ तुकडीत गावठाणातली आणि नोकरदारांची मुलं, क तुकडीत वस्ती, तांडा आणि पाड्यावरची. जातीचा रकाना न बघता झालेलं वाटप जातीप्रमाणेच पडतं. मग अनुभवी शिक्षक अ तुकडीला, नवा शिक्षणसेवक क तुकडीला. क तुकडीचा वर्ग शौचालयाच्या बाजूला. तिसऱ्या महिन्यात शिक्षकच ‘ती क तुकडी ना, जाऊ द्या’ म्हणायला लागतात, आणि हे मुलांना ऐकू जातं.

यावर सेमी बंद करणं हा उपाय नाही. पालक ऐकणार नाहीत, आणि त्यांनी का ऐकावं? करायचं ते वेळापत्रकात. समजा नववीत ११० मुलं आहेत, त्यातली ५० सेमीला. ५५-५५ च्या दोन मिश्र तुकड्या करायच्या, प्रत्येकीत २५ सेमीची आणि ३० मराठी माध्यमाची. भाषा, इतिहास-भूगोल, चित्रकला, शारीरिक शिक्षण सगळं मिश्र. गणित-विज्ञानाचे तास मात्र दोन्ही तुकड्यांना एकाच वेळी लागोपाठ लावायचे. तिसऱ्या तासाला सेमीची ५० मुलं एका खोलीत गणिताला, मराठी माध्यमाची ६० दुसऱ्या खोलीत विज्ञानाला. चौथ्या तासाला शिक्षक खोल्या बदलतात, मुलं जागेवरच. म्हणजे दोन्ही माध्यमांतून शिकवू शकणारा गणिताचा एक आणि विज्ञानाचा एक शिक्षक असला की भागतं. एकूण तास तेवढेच राहतात, जादा माणूस लागत नाही. आठवड्यात गणिताचे तास विज्ञानापेक्षा जास्त असतील तर उरलेल्या तासाच्या जोडीला वाचनालय किंवा खेळाचा तास लावायचा.

फसतं कुठे? पहिलं, ६० मुलांची खोली लहान पडते. या गटासाठी चित्रकलेची मोठी खोली आधीच राखून ठेवावी. दुसरं, दोन शिक्षकांपैकी एक रजेवर गेला की पर्यवेक्षक दोन्ही गट आपापल्या मूळ वर्गात परत पाठवतात आणि दोन-तीनदा असं झालं की व्यवस्था मोडते. बदली तासासाठी भाषेचा शिक्षक त्याच खोलीत पाठवायचा, गट हलवायचा नाही. तिसरं, अंतर्गत मूल्यमापनाची गुणनोंद. वर्गशिक्षकाकडे अर्ध्या मुलांचे प्रात्यक्षिकाचे २० गुण वेगळ्या वहीत येतात आणि फेब्रुवारीत गोंधळ उडतो. वही गटाप्रमाणे ठेवली तरी हजेरी क्रमांक मूळ तुकडीचाच लिहायचा, म्हणजे उतरवून घेताना चूक होत नाही.

मिश्र तुकडी करताना उलट्या टोकालाही जाऊ नये. एका पाड्यावरून चार मुलं आली असतील तर ती चार ठिकाणी विखुरायची नाहीत, दोन-दोन ठेवायची. उर्दू शाळेतून आलेल्या तीन मुली असतील तर तिघी एकत्र. वर्गात एकटं पडलेलं मूल पहिल्या घटक चाचणीआधीच शाळा सोडायच्या विचारात असतं. बाकांचं म्हणाल तर दर सोमवारी रांग एक घर सरकवायची. फक्त दृष्टी किंवा श्रवणाची अडचण असलेल्यांची जागा कायम. बाक मुलांनी आपापले निवडायचे असं ठेवलं की तीन आठवड्यांत गावाचा नकाशाच वर्गात उमटतो.

भाषेची तपासणी पहिल्या आठवड्यातच करून टाकावी. मुलामागे वीस मिनिटं लागतात: सहावीच्या पुस्तकातला शंभरेक शब्दांचा उतारा मोठ्याने वाचायला लावायचा, पाच ओळी लिहून घ्यायच्या, एक शाब्दिक उदाहरण द्यायचं. उदाहरणार्थ, ‘शेकडा १० सूट दिल्यावर वस्तू ४५० रुपयांना मिळाली, तर छापील किंमत किती?’ नंदुरबारकडच्या पावरी बोलणाऱ्या किंवा मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या घरातलं मूल इथे गप्प बसतं, तेव्हा शिक्षक ‘गणित कच्चं’ असा शेरा मारून मोकळे होतात. ‘पाचशेची वस्तू पन्नास रुपये कमी करून दिली तर किती द्यायचे’ असं विचारलं की तेच मूल पटकन सांगतं. अडलेलं असतं ‘सूट’ आणि ‘छापील किंमत’ इथे. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीला त्रिकोण येत नसतो असं नाही, तिने तो मुसल्लस म्हणून शिकलेला असतो, कोन ज़ाविया म्हणून आणि समीकरण मसावात म्हणून. प्रत्येक विषयशिक्षकाने पहिल्या दोन प्रकरणांतले पंचवीस-तीस पारिभाषिक शब्द एका कागदावर काढून, समोर मुलाच्या ओळखीचा शब्द लिहायला जागा ठेवून दिली तर एवढ्याने बरंच सुटतं. तो कागद मूल स्वतः भरतं. शिक्षकाला कोरकू यायची गरज नाही.

बोलीबद्दल एकच नियम सगळ्या शिक्षकांनी पाळायचा: तोंडी उत्तर बोलीत चालेल, लेखी उत्तर प्रमाण मराठीत. अहिराणी किंवा मालवणी हेल काढून नक्कल करणारा शिक्षक लोकप्रिय असतो, हे खरं दुखणं आहे. त्याला स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर न बोलता, बाजूला घेऊन सांगावं.

आता कार्यालयाकडे. जनरल रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या कायम प्रवेशनोंदवहीतली जातीची नोंद ही शाळेतली सर्वांत महाग ओळ आहे. ‘कोळी महादेव’च्या जागी क्लार्कने नुसतं ‘कोळी’ लिहिलं तर पुढे अनुसूचित जमातीच्या वैधता प्रमाणपत्रासाठी त्या घराला वर्षानुवर्षं हेलपाटे घालावे लागू शकतात. नियम साधा आहे: मागच्या शाळेच्या दाखल्यावर जे आहे तेच अक्षर न अक्षर उतरवायचं, स्वतःच्या अंदाजाने ‘नीट’ करायचं नाही. दाखल्यावरच चूक दिसली तर मूल शाळेत असतानाच कागदपत्रं जोडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवायचा, कारण शाळा सोडल्यावर ही नोंद बदलणं फार जिकिरीचं. नावांचंही तेच. ‘शेख सलमान रफिक’ आधारवर ‘सलमान रफिक शेख’ असतो, उत्तर भारतातून आलेल्या मुलाला आडनावच नसतं, तर कुठे वडिलांचं नाव लिहायला आईची तयारी नसते. संगणकाला रकाना भरलेला हवा असतो, म्हणून क्लार्क काहीतरी भरतो. नववीच्या ऑगस्टपर्यंत प्रत्येक मुलाचं रजिस्टर, आधार आणि बँक पासबुक तिन्ही समोर ठेवून नाव जुळवून घेतलं नाही तर शिष्यवृत्तीही अडते आणि दहावीचा अर्जही.

आणि शिष्यवृत्तीचे अर्ज वर्गात वाटायचे नाहीत. ‘एस.सी., एन.टी.वाले उभे राहा’ ही घोषणा अजूनही बऱ्याच वर्गांत होते, कुणी दुष्टपणाने करत नाही, वेळ वाचतो म्हणून करतात. चाळीस मुलांसमोर उभं राहिलेल्या मुलीला ती तुटपुंजी शिष्यवृत्ती नकोशी होते. अर्ज आणि कागदपत्रांची यादी वर्गातल्या सगळ्या मुलांना वाटायची, कोण पात्र हे पालकांना पालकसभेत किंवा फोनवर सांगायचं आणि जमा कार्यालयात करून घ्यायचं. काही शाळांच्या कॅटलॉगमध्ये प्रवर्गाचा रकाना असतो, तोही लाल शाईने भरलेला. कॅटलॉग दिवसभर टेबलावर पडलेला असतो. प्रवर्गनिहाय गोषवारा लागतो तो कार्यालयात काढावा, वर्गात त्याचं काम नाही. शौचालय आणि आवार सफाईच्या पाळ्या हजेरी क्रमांकाने लावाव्यात. ‘त्यांना सवय आहे’ असं म्हणून ठरावीक मुलांना झाडू देणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि तो ठरायलाच हवा.

दिव्यांग मुलांच्या सवलतींत शाळा हटकून उशीर करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, त्यात अध्ययन अक्षमताही आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर मोफत शिक्षणाचा हक्क १८ वर्षांपर्यंत आहे, चौदाला संपत नाही. परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे बीजगणिताच्या दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं, तीन तासांच्या पेपरला पूर्ण तास. पण प्रमाणपत्राशिवाय यातलं काही मिळत नाही. अध्ययन अक्षमतेची तपासणी करणारी रुग्णालयं मोजकी, मुंबईत शीव, केईएम, नायर अशी, आणि तारखा लांबच्या मिळतात. दहावीच्या नोव्हेंबरमध्ये, अर्ज भरताना, ‘याला अक्षरं उलटी दिसतात’ हे आठवून उपयोग नाही. आठवी-नववीतच ज्याचं तोंडी उत्तर बरोबर आणि लेखी कोरं, अशा मुलांची यादी काढून तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलवावं.

दिव्यांग मुलाने सांगितलेली उत्तरं लिहिणारा लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा लागतो, तेव्हा तो नववीतून निवडतात. निवडताना अक्षर बघतात, पण खरी पाहायची गोष्ट वेगळी: सांगितलेलं न गाळता लिहिणं आणि आकृती सांगेल तशी काढणं. पूर्वपरीक्षेत त्याच जोडीला बसवून बघायलाच हवं. वेगळी खोली लागते, कारण उत्तर तोंडी सांगायचं असतं, आणि ती तळमजल्यावर लागते.

परीक्षेच्या तारखा ठरवताना कॅलेंडरच्या लाल रकान्यांपलीकडे बघावं लागतं. रमजान ईद चंद्रदर्शनावर असते, म्हणून छापील तारखेच्या आदल्या आणि नंतरच्या दिवशीही पेपर ठेवू नये. १४ एप्रिलला सुट्टी असतेच, पण १३ ची रात्र आणि १४ ची मिरवणूक यांच्यानंतर १५ ला सकाळी गणिताचा पेपर लावणारा पर्यवेक्षक अर्ध्या वस्तीचा विचार करत नाही. भाताच्या पट्ट्यात जुलैमध्ये लावणी, भंडारा-गोंदियाकडे रोवणी. गडचिरोलीत मार्च-एप्रिलच्या सकाळी मोहफुलं वेचायला जावं लागतं. हे सगळं दरवर्षी त्याच सुमारास येतं, तरी दरवर्षी ‘अनियमित’ असा शेरा पडतो. घटक चाचणी दहा दिवस इकडेतिकडे करणं शाळेच्याच हातात आहे, आणि मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुट्ट्या अशा वेळीच वापरायच्या असतात.

बीडसारख्या जिल्ह्यात प्रश्न याहून मोठा. ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात, मार्च-एप्रिलला परततात. दहावीचे अर्ज भरायची वेळ आणि टोळी निघायची वेळ जवळपास एकच, बोर्डाची परीक्षा मात्र टोळी परतण्याआधी. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला फडावर धाकट्या भावंडांना सांभाळायला आणि भाकरी करायला नेतात, आणि ती परत येते तेव्हा पुष्कळदा तिचं लग्न ठरलेलं असतं. शाळेने सप्टेंबरमध्येच अशा घरांची यादी काढून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: मूल मागे कुणाकडे राहणार, अर्जावर सही कोण करणार, कारखाना कोणता आणि मुकादमाचा फोन काय. संत भगवानबाबा योजनेत ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं मंजूर आहेत. प्रवेशाचा अर्ज पालक गावात असतानाच, म्हणजे जून-जुलैत भरून घ्यायचा. टोळी गेल्यावर शिक्षक फडावर जाऊन समजूत घालतात त्याचं कौतुक होतं, पण तोवर उचल घेऊन झालेली असते आणि बापाच्या हातात काही उरलेलं नसतं.

आता स्टाफरूम, जिचा विचार या विषयात कुणी करत नाही.

शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल आल्यापासून नांदेडचा शिक्षक सिंधुदुर्गात आणि लातूरचा पालघरमध्ये रुजू होतो. माध्यमिकचा शिक्षणसेवक तीन वर्षं १८,००० रुपये मानधनावर असतो. त्यात भाड्याची खोली, आणि घरमालक आडनाव ऐकून ‘नंतर सांगतो’ म्हणतो. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना गावात मान असतो. रुजू होण्याआधी त्यांनी स्वतः दोन-तीन खोल्या बघून ठेवल्या तर हा अपमान टळतो. एवढं काम संस्थेने करावं, ही अपेक्षा जास्त नाही.

बिंदुनामावलीबद्दल, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गाला जाणार हे ठरवणाऱ्या क्रमवार यादीबद्दल, तक्रारी दोन्ही बाजूंनी ऐकू येतात, पण खरा घोळ हिशेबाचा असतो. बिंदू संस्थेनिहाय चालतो, रिक्त पद शाळेनिहाय आणि विषयनिहाय असतं. गणिताचं एकच पद रिक्त आणि बिंदू ज्या प्रवर्गाचा, त्यात त्या विषयाचा उमेदवार मिळेना, असं झालं की पद वर्षानुवर्षं रिकामं राहतं. मग आरक्षणाच्या नावाने बोटं मोडली जातात. संस्थेच्या सगळ्या शाळांची रिक्त पदं आणि पुढच्या दोन वर्षांतल्या सेवानिवृत्ती एकत्र मांडून, कोणता विषय कोणत्या बिंदूवर टाकायचा हे जाहिरातीआधी ठरवलं, आणि नामावली मागासवर्ग कक्षाकडून वेळेत तपासून घेतली, तर यातलं निम्मं टळतं.

आत आल्यावर मात्र कामवाटपात माणूस परत त्याच्या खणात टाकला जातो. आंबेडकर जयंतीचं नियोजन बौद्ध शिक्षकाकडे, ईदच्या सुट्टीबद्दल विचारायचं मुस्लिम शिक्षिकेला, रांगोळी, स्वागत आणि सूत्रसंचालन बायकांकडे, हिशेब आणि क्रीडास्पर्धा पुरुषांकडे, बीएलओचं (मतदारयादीचं) काम सगळ्यांत नव्याकडे. दहावीचा गणिताचा वर्ग मात्र वर्षानुवर्षं एकाच सरांकडे. जूनच्या पहिल्या मीटिंगमध्ये कार्यवाटपाचं पत्रक काढताना मागच्या तीन वर्षांची पत्रकं शेजारी ठेवावीत आणि एकच काम सलग तिसऱ्यांदा एकाच नावापुढे येऊ देऊ नये. दृष्टिहीन शिक्षकाला वर्ग तळमजल्यावर, परीक्षेच्या पर्यवेक्षणाऐवजी तोंडी परीक्षा किंवा प्रश्नपत्रिका तयार करण्याचं काम, आणि संगणकावर एनव्हीडीए हे मोफत वाचक सॉफ्टवेअर घालून द्यायचं. परिपत्रकं फोटो काढून ग्रुपवर टाकली की ती त्याला वाचता येत नाहीत, टाइप केलेली फाइल द्यावी लागते.

सेवाज्येष्ठता यादीबद्दल शेवटचं. खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे ती अनुसूची ‘फ’नुसार तयार करून सर्वांना दाखवायची, सह्या घ्यायच्या आणि हरकती ऐकायच्या असतात. पुष्कळ संस्था मुख्याध्यापक निवृत्त व्हायच्या वर्षीच ती बाहेर काढतात. मग डी.एड.वर लागून नंतर बी.एड. झालेला शिक्षक आणि थेट बी.एड.वर लागलेला शिक्षक यांच्यात कोण वर, हा वाद पेटतो. त्यात दोघांच्या जाती वेगळ्या असल्या की साध्या तारखेच्या प्रश्नाला गावकीचं वळण लागतं आणि दोन वर्षं स्टाफरूममध्ये दोन चहाच्या किटल्या होतात. यादी दर जूनमध्ये फिरवायची, हरकत आली तर लेखी उत्तर द्यायचं, मिटली नाही तर त्याच वर्षी शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायची. अल्पसंख्याक संस्थेत मुख्याध्यापक नेमण्याची वेगळी मुभा कायद्यात आहे. ती वापरायची असेल तर ज्येष्ठ शिक्षकांना ते आधी, लेखी कळवावं. निरोपसमारंभाच्या दिवशी नव्हे.